बार की बहार? एका दोन अक्षरी शब्दाची पार्श्वभूमी

डाळिंबावरच्या एका माहितीपुस्तिकेची नवी आवृत्ती नाशकात छापायला निघाली आहे आणि जुना वाद पुन्हा उकरून वर आला आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी डाळिंबाला जो फुलाफळाचा हंगाम धरतात, त्याला ‘मृग बार’ छापायचं की ‘मृग बहार’? पहिल्या आवृत्तीची मुद्रितं मीच तपासली होती, म्हणून यामागची हकिकत आणि या शब्दाचा एकूण गोतावळा लिहून ठेवते आहे. वाद दिसतो तेवढा लहान नाही.

पहिल्या वेळी झालं ते असं. लेखकाने सगळीकडे ‘बार’ लिहिलं होतं, कारण तो कसमादे पट्ट्यातला (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि तिथे शेतकरी तसंच बोलतो. मुद्रितं माझ्याकडून गेल्यावर वरून निरोप आला की हे अशुद्ध आहे, मूळ शब्द ‘बहार’, तोच हवा. संगणकावर बसलेल्या मुलाने ‘बार’ शोधून जिथे सापडेल तिथे ‘बहार’ करून टाकलं. शेवटचं मुद्रित माझ्याकडे आलंच नाही. पुस्तिका हातात पडली तेव्हा ठिबकच्या प्रकरणात वाक्य होतं, ‘फिल्टरनंतरचा दाब १ बहार असावा.’ पुढे, ‘स्लरी बहारदानातून गाळून घ्यावी.’ ड्रिपरची छिद्रं ‘बहारीक’ झाली होती आणि फवारणी ‘बहारा दिवसांनी’ घ्यायची होती. सटाण्याकडच्या माझ्या मामांनी ते पान माझ्यासमोर उघडं ठेवलं आणि एवढंच विचारलं, “पोरी, हे तू वाचलं होतंस का?” त्या प्रश्नाची बोच अजून गेलेली नाही.

त्या चुकीने एक गोष्ट मात्र दाखवून दिली. एका पुस्तिकेच्या चाळीस-पन्नास पानांत ‘बार’ ही दोन अक्षरं चार-पाच वेगवेगळ्या घरांतून येऊन बसली होती.

सोपं घर आधी. बारदान. पिंपळगाव किंवा लासलगावच्या कांदा बाजारात ज्याचा वावर आहे त्याला हा शब्द सांगावा लागत नाही. गोण्या, पोती, जे काही माल भरायला लागतं ते बारदान. हिशेबात ते वजा होतं, टंचाई आली की त्याचेच भाव चढतात. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझं आणि ‘दान’ म्हणजे ठेवायची जागा. पानदान, अत्तरदाणी, फुलदाणी यांच्यातलाच हा ‘दान’. देण्याघेण्याच्या ‘दाना’शी त्याचा संबंध नाही.

हा ओझ्याचा ‘बार’ आपल्याला परका नाही. संस्कृतातला ‘भ’ फारसीत ‘ब’ होऊन भेटतो. भ्राता तिकडे बिरादर, भूमी तिकडे बूम, तसाच भार तिकडे बार. दोघे एकाच आजीची नातवंडं. फारसी ‘कारोबार’ मराठीत येऊन ‘कारभार’ झाला, असं मानलं जातं, आणि ते मला पटतं. बोलणाऱ्याच्या कानाने परक्या ‘बारा’त घरचा ‘भार’ बरोबर ओळखला. इंग्रजीत वाहून नेणं आणि फळ धरणं या दोन्हींसाठी जे ‘बेअर’ हे क्रियापद आहे, तेही याच कुळातलं. ओझं वाहणं आणि फळ धरणं एका शब्दात येतं, ही गोष्ट पुढे लागणार आहे.

बंदुकीचा बारही मी याच ओझ्याच्या घरात धरते. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी ठासून भरायची, ते भरणं म्हणजे बार भरणं. मग उडतो तोही बार, आणि होणारा आवाजही बार. पुढे मराठीने हा शब्द हवा तसा वापरला. लग्नाचा बार उडवून दिला. भाषण झालं, पण फुसका बार निघाला. साताऱ्याकडे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात, त्याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. तिथे तोफेच्या जागी तोंड आहे, मारा तोच. आणि तंबाखूचा बार! माझे आजोबा जेवण झालं की चंची सोडायचे, तळहातावर तंबाखू घ्यायचे, चुन्याच्या डबीतून अंगठ्याच्या नखावर चुना काढायचे, मळून झाल्यावर दोन थापट्या मारून भुकटी उडवायचे आणि चिमूट खालच्या ओठाआड सारायचे. “थांब, बार भरू दे,” म्हणायचे, आणि तो भरल्याशिवाय उत्तर मिळायचं नाही. बंदुकीत दारू ठासावी तशी गालात तंबाखू ठासायची. ही उपमा कोणी मुद्दाम रचली नसणार, ज्यांनी बंदुका भरल्या त्यांच्याच तोंडी ती आली असेल.

आता ठिबकच्या फिल्टरवरचा बार. मामांच्या बागेत वाळूच्या फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन घड्याळी मीटर आहेत. सकाळी मोटार सुरू केली की ते दोन्हींचे काटे बघतात. फरक वाढला की वाळू धुवायची वेळ झाली. त्या काचेवर छापलेला ‘बार’ हे दाबाचं माप आहे, एक लाख पास्कल म्हणजे एक बार. समुद्रकाठी हवेचा दाब जवळजवळ एवढाच असतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे थोडा कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवामानशास्त्रात हे माप रुळलं आणि त्यासाठी ग्रीक ‘बारोस’, म्हणजे वजन, हा शब्द घेतला. बॅरोमीटरमध्ये तोच आहे, बेरियममध्येही तोच.

कुणालाही वाटेल की वजन म्हणजे भार, म्हणजे हाही त्याच घरातला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण ग्रीक ‘बारोस’चा सख्खा नातेवाईक आपला ‘गुरू’ आहे. गुरू म्हणजे जड. गुरुत्व, लघु-गुरू यांतला गुरू. खूप मागे दोन्हींच्या आरंभी असलेला ‘ग्व’सारखा ध्वनी ग्रीकात ‘ब’ झाला आणि संस्कृतात ‘ग’ राहिला. २०२७ मध्ये गुरू सिंह राशीत असताना नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ भरेल, तेव्हा त्या ‘गुरू’चा लांबचा चुलतभाऊ गोदाकाठच्या द्राक्षबागांतल्या मीटरवर मुकाट बसलेला असेल. नाती शोधताना कानावर किती विसंबायचं, हे मला या जोडीने शिकवलं.

तिसरं घर इंग्रजी बारचं. लॅटिन ‘बारा’ आणि जुन्या फ्रेंचमधला ‘बार’ म्हणजे आडवी दांडी, अडसर. त्याच्या मागे वाट जात नाही. पण पुढे त्याला एवढ्या फांद्या फुटल्या की मोजणं कठीण. अंबड-सातपूरच्या लेथवरचा बोरिंग बार, बांधकामावरचे टीएमटी बार, सोन्याचा बार, साबणाचा बार, सगळे त्या दांडीचे. दारू देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची मधली आडवी फळी म्हणजे बार, हा अर्थ इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरचा. न्यायालयातला आडवा कठडा त्याहून जुना. त्या कठड्याशी उभं राहून बोलायचा ज्याला हक्क, तो बॅरिस्टर. मराठीत हे नातं दिसेनासं झालं, कारण एक शब्द आपण ‘बार’ लिहिला आणि दुसरा ‘बॅ’ने. भगूरच्या एका तरुणाने १९०९ पर्यंत लंडनमध्ये हे शिक्षण पुरं केलं, परीक्षा दिली, पण राजकीय कामामुळे त्याला त्या कठड्याशी बोलावलंच गेलं नाही. बॅरिस्टर होण्याच्या परीक्षा उत्तीर्ण, तरी बॅरिस्टर नाही. त्या आडव्या लाकडाचं वजन एवढं असतं.

दारूच्या बारला आपल्याकडे सरकारी भाषेने बराच काळ दार उघडलं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर प्यायला परमिट लागू लागलं, म्हणून जागेचं नाव ‘परमिट रूम’. पाट्यांवर आजही ‘परमिट रूम’ मोठ्या अक्षरात आणि ‘बार’ बाजूला, असं दिसतं. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०१६ चा, तो लागू होणार १ एप्रिल २०१७ पासून. तेव्हाही प्रश्न शब्दाचाच आला. विक्री म्हणजे दुकानच फक्त, की बसून पिण्याचा बारसुद्धा? आदल्या दिवशी, ३१ मार्चला, न्यायालयाने स्पष्ट केलं की बारसुद्धा. मुंबई-आग्रा रस्ता गावाच्या पोटातून जात असल्याने नाशिकला त्याची झळ चांगलीच लागली. पुढे त्याच वर्षी शहरांतल्या रस्त्यांबाबत सवलत निघाली. वाईनचं मात्र वेगळं. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाईन पार्क आलं, पण वायनरीत चव घ्यायच्या जागेला कोणी बार म्हणत नाही, ‘टेस्टिंग रूम’ म्हणतात. बार या शब्दाला मराठीत जो वास चिकटला आहे, तो त्यांना नको असणार. आपल्याकडे ‘दारू’ शब्द तरी कुठे सरळ आहे? फारसीत तो औषध. मराठीत तो बंदुकीतही भरला जातो आणि पेल्यातही.

किनाऱ्याचा बार नाशिकशी असा जोडला जाईल हे मला ठाऊक नव्हतं. मलबार, झांझिबार यांतला ‘बार’ म्हणजे किनारा किंवा प्रदेश, असं सर्वसाधारणपणे मानतात. फारसी-अरबी दर्यावर्दींनी तो हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर ठेवून दिला. आता शरणपूर रोडने जाताना आठवावं: एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे ख्रिस्ती वसाहत उभी राहिली आणि १८६० च्या दशकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायला ठेवली गेली. कोणी सुतारकाम शिकलं, कोणी लोहारकाम. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रसिद्ध स्कॉटिश प्रवाशाने १८६६ मध्ये झांझिबारहून शेवटच्या सफरीला निघताना शरणपूरची काही मुलं बरोबर घेतली. १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या पोटात वारला. त्याचं शव हजारावर मैल चालत किनाऱ्याला आणणाऱ्यांत नाशकात शिकलेले तरुण होते, आणि त्यांतला एक शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नाशिक बॉइज’ म्हटलं आहे. १८७५ च्या सुमारास शरणपूरचे बरेच आफ्रिकन मोंबासाजवळच्या नव्या वस्तीत परत गेले. गावातल्या किती जणांना हे सांगितलं जातं?

शरणपूरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक बार. अरमाईक भाषेत ‘बार’ म्हणजे मुलगा. मराठी बायबलमध्ये ‘तीमयाचा मुलगा बार्तीमय’ असा आंधळा भिकारी येतो. त्या शब्दांतच अर्थ उलगडून ठेवला आहे. बर्थलमय, बरब्बा ही नावं त्याच घडणीची. इसवी सन १३२ मध्ये रोमनांविरुद्ध उठलेला बार कोखबा म्हणजे ताऱ्याचा पुत्र.

बाकीचे झपाट्याने. गुजरातीत ‘बार’ म्हणजे बारा, आणि पेठ-सुरगाण्याच्या सीमेवर भाव करताना कान तयार नसतील तर घोटाळा होतो. हिंदीतला ‘बार’ म्हणजे आपला ‘वार’. वडाचा बड आणि वनाचं बन करणाऱ्या हिंदीने वारंवारचं बारंबार केलं, यात नवल नाही. पंजाबात नद्यांमधल्या उंच माळांना बार म्हणत, सांदल बार, गंजी बार. जर्मनमध्ये ‘बार’ म्हणजे रोख. हंगेरियनमध्ये ‘जरी’. कझाक भाषेत ‘आहे’, आणि आज्ञार्थी ‘जा’ सुद्धा. दरबारातला ‘बार’ फारसी, भेटीची परवानगी या अर्थाचा. आणि आपल्या बागलाणातल्या सेलबारी-डोलबारी या डोंगररांगा! ‘बारी’ म्हणजे खिंड. गुजरातीत ‘बारी’ खिडकीला म्हणतात, तो शब्द ‘द्वार’ मधून आला. साल्हेर-मुल्हेरच्या बाजूला उभं राहून त्या खिंडींकडे पाहिलं की डोंगराला दार असतं हे पटतं, आणि खिंडीची बारीही त्याच दारातून आली असावी हे मला पटतं.

आता मूळ भांडण. डाळिंबाला वर्षातून तीनदा फूल आणता येतं: जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त, जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बार. झाडाला पाण्याचा ताण द्यायचा, पानगळ करायची, हलकी छाटणी, खतं, मग पाणी सोडायचं, की कळी निघते. या सगळ्याला मिळून ‘बार धरणे’ म्हणतात. सरकारी कागद, फळपीक विम्याचे अर्ज, विद्यापीठांची प्रकाशनं यांत मात्र ‘बहार’: मृग बहार, आंबिया बहार.

‘बहार’वाल्यांचं म्हणणं साधं आहे. फारसी ‘बहार’ म्हणजे वसंत. आपल्या वसंताचाच तो भाऊबंद. वसंतावरून फुलोरा हा अर्थ फारसीतच आला आहे, संत्र्या-नारिंगाच्या फुलाला तिकडे ‘बहार-नारंज’ म्हणतात. त्याचंच मराठीत ‘बहर’ झालं. ‘ह’ बोलताना गळतो, म्हणून खेड्यात ‘बार’ उरला. शुद्ध रूप बहार. हा युक्तिवाद कच्चा नाही आणि तसा मी मानतही नाही.

पण तो पुरा आहे असंही वाटत नाही. फारसीत ‘बार’ या शब्दाला ओझ्याइतकाच सरळ दुसरा अर्थ आहे, तो फळाचा. झाड जे वाहतं ते बार. त्याचं आखूड रूप ‘बर’, तेही फळच. हिंदी सिनेमातला बाप मुलाला ‘बरखुरदार’ म्हणतो, त्याचा शब्दशः अर्थ फळ चाखणारा, म्हणजे भाग्यवान. असा शब्द बारदान, कारोबार, दरबार यांच्या सोबतीने महाराष्ट्रात आला नसेल, आणि आला तर फळबागेत शिरला नसेल, असं धरून चालायला मला कारण दिसत नाही. शिवाय क्रियापद बघा. बहर येतो, ओसरतो. बार धरतात, धरून ठेवतात, जास्त झाला तर विरळ करतात. मामा कधीही ‘यंदा बहर छान आहे’ म्हणत नाहीत. ते म्हणतात, “झाडाला पेलेल एवढाच बार ठेवायचा.” ‘पेलेल’ हा शब्द वसंताशी जात नाही, ओझ्याशी जातो. आणि मृगाच्या सरी कोसळताना धरलेल्या पिकाला वसंताचं नाव देणं, ज्याने तो पावसाळा बागेत काढला त्याला जमणार नाही. कसमादेत तेल्या रोगाने बागा बसवल्या तेव्हा मृगच सगळ्यात आधी सोडावा लागला, कारण ओल्या हवेत तेल्या पसरतो. लोक हस्ताकडे आणि आंबे बाराकडे वळले. त्या वर्षांत गावात सगळे एकच विचारत, “कोणता बार धरला?” त्या प्रश्नात फुलोऱ्याचं कौतुक नव्हतं, कर्जाची धाकधूक होती.

माझं मत असं: दोन शब्द आले, आवाजाने जवळ होते, अर्थानेही शेजारी होते, आणि शेतकऱ्याच्या बोलण्यात ते एकमेकांत मुरले. फूल दिसतं तोवर बहार, फळ वाहायची वेळ आली की बार. ‘बहार’ छापू नये असं मी म्हणत नाही. विम्याच्या अर्जावर जो शब्द आहे तो शेतकऱ्याला माहीत असायलाच हवा, नाहीतर नुकसान त्याचं. पण ‘बार’ला अशुद्ध ठरवून खोडणं मला मान्य नाही. ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे, त्यांचा तो शब्द आहे. तो खोडताना कोणी एकाही बागाईतदाराला विचारलं नव्हतं.

नव्या आवृत्तीबाबतची बैठक गेल्या आठवड्यात झाली. दीड तास त्यातच गेला. शेवटी ठरलं ते असं: शीर्षकात आणि विम्याच्या प्रकरणात ‘बहार’, मजकुरात ‘बार’, आणि पहिल्या उल्लेखाशी ‘बार (बहार)’. मी फक्त एक अट घातली, शोधून बदलण्याचं काम यंत्रावर सोडायचं नाही, प्रत्येक जागा हाताने बघायची. ती मान्य झाली. काल ठिबकचं प्रकरण हातात आलं. ‘फिल्टरनंतरचा दाब १ बार असावा’ या ओळीवर मी बरोबरची खूण केली आणि त्या पानाचा फोटो मामांना पाठवला. त्यांचं उत्तर रात्री आलं. आंबे बाराचं पाणी परवा सोडलं, कळी दिसायला लागली की ये.